होस्ट म्हणतो रॅम संपली, गेस्ट म्हणतो रिकामी आहे: व्हीएमच्या मेमरीचा खरा आकडा होस्टपर्यंत कसा पोचवायचा

मी नागपुरात छोट्या-मोठ्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतो. मागच्या मे महिन्यात रामदासपेठेतल्या एका ऑफिसात ६४ जीबीचा एक सर्व्हर होता, त्यावर केव्हीएममध्ये (एका मशीनवर अनेक मशीन चालवायची लिनक्सची सोय) सात व्हीएम, म्हणजे आभासी मशीन (खरा सर्व्हर तो होस्ट, त्यातलं प्रत्येक व्हीएम तो गेस्ट), आणि सगळ्यांना मिळून कागदावर ७६ जीबी वाटलेली. होस्टवर बघितलं तर ६१ जीबी वापरात. एकेका व्हीएममध्ये शिरून बघितलं तर कुठे दोन जीबी, कुठे तीन, सगळ्यात मोठ्या मशीनमध्ये पाच. बेरीज काही केल्या जुळेना. मालकांनी विचारलं रॅम वाढवायची का, मी हो म्हटलं, दुपारच्या उन्हात सीताबर्डीला जाऊन चौकशी करून आलो, त्या सर्व्हरला लागणारी रॅम दोन दिवसांनी मिळणार होती. आणि त्याच रात्री होस्टची मेमरी संपली, लिनक्सच्या ओओएम किलरनं (मेमरी संपली की एखादा चालू प्रोग्राम बंद पाडून जागा करणारी यंत्रणा) हिशोबाचं अख्खं व्हीएम मारून टाकलं. सकाळी अकाउंटवाल्या ताई दहा वाजता येऊन बसल्या तर मशीनच नाही.

रॅम कमी नव्हतीच. गेस्टच्या आत काय चाललंय हे होस्टला कोणी सांगतच नव्हतं. हे सांगायची सोय तयार असते, फुकट असते, फक्त बहुतेक ठिकाणी चालू केलेली नसते. माझे तीन-चार दिवस याच्यात गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून जसं केलं तसं लिहून काढतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, आज्ञा आणि रकान्यांची नावं इथे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

हाताशी काय काय लागेल

- होस्टवर रूट किंवा सुडोची परवानगी
- लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि त्याचं विर्श हे टर्मिनलवरचं टूल (प्रॉक्समॉक्स, म्हणजे वेबवरून व्हीएम सांभाळायची तयार सिस्टिम, वापरत असाल तर त्याचं वेब पान, त्याच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय)
- प्रत्येक गेस्टमध्ये अॅडमिन लॉगिन
- विंडोज गेस्ट असेल तर व्हर्टआयओ-विन ड्रायव्हरची (व्हीएमची आभासी उपकरणं विंडोजला ओळखता यावीत म्हणून) आयएसओ, म्हणजे सीडीसारखी लावायची फाइल
- कोणत्या व्हीएमला किती मेमरी दिली त्याची यादी, कागदावर किंवा एक्सेलमध्ये
- संध्याकाळचा अर्धा तास, ज्यात एखादं व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू करता येईल

१. आधी हे समजून घ्या की होस्टला का कळत नाही

ही पायरी सोडून थेट आज्ञा मारू नका, कारण पुढचे आकडे वाचताना हेच कामी येतं.

तुम्ही व्हीएमला ८ जीबी दिली म्हणजे होस्ट लगेच ८ जीबी बाजूला काढून ठेवत नाही. गेस्टनं एखाद्या पानाला, म्हणजे मेमरीच्या छोट्या तुकड्याला, पहिल्यांदा हात लावला की होस्ट त्या क्षणी खरी मेमरी देतो. होस्टच्या नजरेत तुमचं व्हीएम म्हणजे क्यूएमू नावाची एक साधी प्रोसेस. आता गेस्टमधला प्रोग्राम बंद झाला, गेस्टच्या कर्नलनं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं) ती पानं आपल्या रिकाम्या यादीत टाकली. पण ही यादी गेस्टच्या आत आहे. होस्टला त्याचा पत्ताच नाही, त्याच्या लेखी ती पानं अजून वापरातच आहेत. शिवाय लिनक्स गेस्ट उरलेल्या रॅममध्ये डिस्कवरच्या फाइलींचा कॅश (लवकर वाचता याव्या म्हणून ठेवलेल्या प्रती) भरत राहतो, म्हणजे हळूहळू जवळजवळ प्रत्येक पानाला कधी ना कधी हात लागतोच. रात्री एकदा बॅकअप चालला की झालं.

म्हणून होस्टवर टॉप किंवा पीएस (चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या आज्ञा) मध्ये क्यूएमूसमोर जो आरएसएसचा, म्हणजे त्या प्रोसेसकडे गेलेल्या खऱ्या रॅमचा, आकडा दिसतो, तो "गेस्ट आत्ता किती वापरून राहिला" हे सांगत नाही, "गेस्टनं आजवर कुठं कुठं हात लावला" हे सांगतो. तो चढतो, आपणहून उतरत नाही. आमच्याकडे ६१ जीबी दिसत होती ती ही.

यावरचा उपाय फुग्याचा, म्हणजे बलूनचा. २००२ मध्ये व्हीएमवेअरच्या ईएसएक्स सर्व्हरबद्दलच्या पेपरात कार्ल वाल्डस्पर्गर यांनी ही पद्धत मांडली होती: गेस्टच्या आत एक ड्रायव्हर बसवायचा, होस्टला मेमरी हवी असली की हा ड्रायव्हर गेस्टमध्ये फुगतो, पानं अडवून धरतो आणि ती होस्टला परत देतो. केव्हीएममध्ये हेच काम व्हर्टआयओ बलून करतो. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे फुगा न फुगवताही हाच ड्रायव्हर गेस्टच्या मेमरीचे आकडे होस्टला कळवू शकतो. खूप जण "बलून नको, परफॉर्मन्स जातो" म्हणून हे डिव्हाइसच काढून टाकतात आणि त्यासोबत आकडेही घालवून बसतात. फुगवणं वेगळं, कळवणं वेगळं, एवढं डोक्यात ठेवा.

२. व्हीएमला बलून डिव्हाइस आहे का बघा

होस्टवर:

विर्श डम्पएक्सएमएल हिशोब

इथे "हिशोब" हे माझ्या व्हीएमचं नाव, तुम्ही तुमचं टाका. जे लांबलचक येईल त्यात मेमबलून हा शब्द शोधा. मॉडेल व्हर्टआयओ असेल तर ठीक. लिबव्हर्ट हे डिव्हाइस सहसा आपणहून लावतो, त्यामुळे बहुतेकांकडे असतंच.

मॉडेल नन (म्हणजे काहीच नाही) लिहिलेलं दिसलं तर कोणीतरी मुद्दाम काढलंय. ग्राफिक्स कार्ड व्हीएमला देण्याच्या बऱ्याच गाइडमध्ये हे काढायला सांगतात आणि मग तीच एक्सएमएल फाइल पुढच्या पाच व्हीएमला कॉपी होत जाते. आमच्याकडे दोन मशीनमध्ये असंच निघालं. विर्श एडिटनं नन काढून व्हर्टआयओ लिहा, आणि व्हीएम पूर्ण बंद करून मग चालू करा. गेस्टच्या आतून रीस्टार्ट मारून भागत नाही, कारण तेव्हा होस्टवरची क्यूएमू प्रोसेस जुनीच राहते, तिला नवीन डिव्हाइस दिसत नाही. मी या एका गोष्टीवर पूर्ण दुपार घालवली आहे, कूलर समोर ठेवून सुद्धा घाम फुटला होता.

३. गेस्टमध्ये ड्रायव्हर चालू आहे का बघा

लिनक्स गेस्ट: उबुंटू, डेबियन, रेड हॅट आणि त्यांची भावंडं यांच्या नेहमीच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर येतोच. एलएसमॉड (कर्नलला वेगळ्या जोडलेल्या भागांची, म्हणजे मॉड्यूलची यादी) मारून व्हर्टआयओ बलून शोधा. तिथे नाही दिसला म्हणून घाबरू नका, काही कर्नलमध्ये तो मॉड्यूल नसून आतच बांधलेला असतो आणि एलएसमॉड तसले दाखवत नाही. त्यापेक्षा सिस, बस, व्हर्टआयओ, ड्रायव्हर्स या फोल्डरात जाऊन बघा, तिथे व्हर्टआयओ बलून नावाचं फोल्डर असेल तर ड्रायव्हर आहे, मग तो कसाही आलेला असो.

विंडोज गेस्ट: इथे लोक हमखास अडकतात. व्हर्टआयओ-विनची आयएसओ लावा आणि त्यातला गेस्ट टूल्सचा इन्स्टॉलर चालवा, तो सगळं एकदम बसवतो. ज्यांनी डिव्हाइस मॅनेजरमधून हातानं फक्त बलूनचा ड्रायव्हर टाकला त्यांचं काम अर्धंच झालेलं असतं, कारण विंडोजमध्ये आकडे गोळा करायचं काम एक वेगळी सर्व्हिस करते, तिचं नाव बलून सर्व्हिस, फाइल बीएलएनएसव्हीआर. आयएसओवर बलूनच्या फोल्डरात तुमच्या विंडोजच्या आवृत्तीप्रमाणे ती सापडेल, कायमच्या जागी कॉपी करा, अॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर बीएलएनएसव्हीआर डॅश आय मारा, आणि सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती रनिंग आहे याची खात्री करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं हिरवंगार आणि होस्टवर आकडा शून्य, असं असेल तर दहापैकी नऊ वेळा ही सर्व्हिस नसते.

आणि एक गैरसमज इथेच काढून टाकतो. क्यूएमू गेस्ट एजंट (गेस्टच्या आत चालणारा मदतनीस प्रोग्राम) बसवला म्हणजे मेमरीचे आकडे यायला लागतात असं खूप जण समजतात, आमच्याकडचा नवीन पोट्टा दोन दिवस तोच परत परत बसवत होता. एजंट चांगला आहे, बसवाच, आयपी पत्ता मिळतो, नीट शटडाउन होतं, बॅकअपच्या वेळी फाइलसिस्टिम थांबवता येते. पण इथे आपल्याला जे मेमरीचे आकडे हवेत ते बलूनच्या रस्त्यानं येतात, एजंटच्या नाही.

४. किती सेकंदांनी विचारायचं ते ठरवा

आता डिव्हाइस आहे, ड्रायव्हर आहे, तरी आकडे येत नाहीत. काहून? कारण क्यूएमू गेस्टला विचारतच नाही. विचारायचं अंतर मुळात शून्य असतं, आणि शून्य म्हणजे बंद. हे चालू करायचं:

विर्श डॉममेमस्टॅट हिशोब --पीरियड १० --लाइव्ह --कॉन्फिग

म्हणजे दर १० सेकंदांनी विचार. लाइव्ह म्हणजे चालू मशीनला आत्ता लागू, कॉन्फिग म्हणजे पुढच्या वेळी व्हीएम चालू होईल तेव्हाही लागू. दोन्ही द्या. नुसतं लाइव्ह दिलं तर आज सगळं छान दिसेल आणि पुढच्या वेळी लाइट गेली, यूपीएस संपला, सर्व्हर परत चालू झाला की आकडे गायब.

पाच सेकंदांच्या खाली जायची गरज मला कधी पडली नाही. दहा ते तीस पुरतं.

लिबव्हर्टशिवाय थेट क्यूएमू चालवणारे असाल तर क्यूएमपीवरून (चालू क्यूएमूला आज्ञा द्यायचा रस्ता) बलून डिव्हाइसच्या गेस्ट-स्टॅट्स-पोलिंग-इंटर्व्हल या प्रॉपर्टीला क्यूओएम-सेटनं सेकंद द्यायचे आणि गेस्ट-स्टॅट्स ही प्रॉपर्टी क्यूओएम-गेटनं वाचायची. मॉनिटरवरच्या इन्फो बलूनवर विसंबू नका, तो फक्त फुग्याचा सध्याचा आकार सांगतो, गेस्टचा वापर नाही.

५. आकडे वाचायला शिका, इथे घाई करू नका

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी. आता आज्ञा पीरियड न देता मारा:

विर्श डॉममेमस्टॅट हिशोब

माझ्याकडे ८ जीबी दिलेल्या लिनक्स मशीनवर साधारण असं आलं:

अॅक्चुअल ८३८८६०८
अनयूज्ड ४१२०००
अव्हेलेबल ८१४८०२०
यूजेबल ५९०००००
आरएसएस ८४५००००

सगळे आकडे किबीबाइटमध्ये असतात, १०२४ नं दोनदा भागलं की जीबी मिळते.

अॅक्चुअल म्हणजे व्हीएमला सध्या दिलेली मेमरी, फुगा वजा करून. गेस्ट किती वापरतो त्याच्याशी याचा संबंध नाही. विर्श डॉमइन्फोमध्ये जी "यूज्ड मेमरी" दिसते ती पण हीच. नाव यूज्ड आहे म्हणून लोक तो वापर समजतात आणि व्हीएम कायम १०० टक्के भरलंय म्हणून काळजीत पडतात.

आता खरा सापळा. अव्हेलेबल हा शब्द. लिनक्समध्ये फ्री ही आज्ञा मारली की शेवटच्या रकान्यात जो अव्हेलेबल येतो, तो म्हणजे "अजून किती मेमरी आरामात मिळू शकते". लिबव्हर्टचा अव्हेलेबल म्हणजे तो नाहीच. लिबव्हर्टमध्ये अव्हेलेबल म्हणजे गेस्टला दिसणारी एकूण मेमरी, म्हणजे गेस्टमधल्या मेमइन्फो या फाइलीतला मेमटोटल. फ्रीचा अव्हेलेबल इथे यूजेबल या नावानं येतो. आणि फ्रीचा फ्री इथे अनयूज्ड. वहीत लिहून ठेवा:

गेस्टमधला टोटल, होस्टवर अव्हेलेबल.
गेस्टमधला फ्री, होस्टवर अनयूज्ड.
गेस्टमधला अव्हेलेबल, होस्टवर यूजेबल.

आता वरचे आकडे परत बघा. अनयूज्ड फक्त ४१२०००, म्हणजे ०.४ जीबीपेक्षाही कमी. हे बघून कोणीही म्हणेल मशीन गच्च भरलं, रॅम द्या. पण यूजेबल ५९ लाख आहे, म्हणजे ५.६ जीबीच्या वर. मधला फरक मुख्यतः कॅशचा, गरज पडली की गेस्ट तो लगेच सोडतो. म्हणजे खरा वापर अव्हेलेबल वजा यूजेबल, साधारण २.१ जीबी. आठ जीबीच्या मशीनमध्ये सव्वादोन जीबीसुद्धा नाही. आणि शेवटचा आरएसएस बघा, होस्टच्या खात्यातून मात्र आठ जीबीपेक्षा जास्त गेलेली आहे, कारण त्यात क्यूएमूचा स्वतःचा खर्चही येतो. एकाच मशीनचे हे तीन आकडे आणि तिन्ही खरे. तुम्ही कोणता प्रश्न विचारताय त्यावर कोणता घ्यायचा ते ठरतं: गेस्टला रॅम पुरते का, याला यूजेबल. होस्टवर जागा उरली का, याला आरएसएस.

पहिल्यांदा करताना गेस्टमध्ये एका खिडकीत फ्री डॅश एम आणि होस्टवर दुसऱ्या खिडकीत डॉममेमस्टॅट असं शेजारी शेजारी ठेवून ताडून बघा. एकदा स्वतः जुळवलं की परत गोंधळ होत नाही.

लास्ट अपडेट नावाचा रकाना पण येतो, १९७० पासूनचे सेकंद असतात त्यात. तो शून्य असेल तर गेस्टनं कधी काही कळवलंच नाही. तो जुना असेल तर बाकीचे सगळे आकडे शिळे आहेत, दिसायला कितीही छान असले तरी. पीरियड न लावता आज्ञा मारली तरी कधी कधी आकडे दिसतात, पण ते व्हीएम बूट झालं तेव्हाचे असतात आणि तासभर बघत बसलात तरी हलत नाहीत. त्यामुळे मी कोणताही आकडा वाचायच्या आधी हा रकाना बघतो.

स्वॅप इन, स्वॅप आउट आणि मेजर फॉल्ट (रॅम आणि डिस्कमधली पानांची ये-जा सांगणारे रकाने) हे बूटपासूनची बेरीज असतात. आकडा मोठा आहे म्हणून काही होत नाही, पाच मिनिटांत किती वाढला ते बघा. स्वॅप इन भराभर चढत असेल तर त्या गेस्टला खरंच मेमरी कमी पडून राहिली आहे.

६. नुसतं कळवून भागत नाही, रिकामी पानं परत पण घ्या

आकडे यायला लागल्यावर आम्हाला स्पष्ट दिसलं की सातही व्हीएमचा मिळून खरा वापर वीस-बावीस जीबी आहे. पण होस्टवर ६१ जीबी अडकलेलीच होती. कळलं, पण हातात काही आलं नाही.

यासाठी फ्री पेज रिपोर्टिंग आहे. यात गेस्ट आपल्या रिकाम्या पानांचे मोठे मोठे तुकडे, नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर साधारण २ एमबीचे, होस्टला कळवत राहतो आणि होस्ट ती पानं स्वतःकडे परत घेतो. फुगा फुगवावा लागत नाही, गेस्टची एकूण मेमरी कमी होत नाही, त्याला परत हवी झाली की हात लावताच परत मिळते. लागतं काय:

- गेस्टमध्ये लिनक्स कर्नल ५.७ किंवा पुढचा
- होस्टवर क्यूएमू ५.१ किंवा पुढचा
- लिबव्हर्ट ६.९ किंवा पुढचा

विर्श एडिटमध्ये मेमबलूनच्या ओळीत फ्रीपेजरिपोर्टिंग बरोबर ऑन असं लिहायचं (मधली पी आणि आर कॅपिटल), आणि परत तेच, व्हीएम पूर्ण बंद करून चालू.

चाललं का ते बघायला गेस्टमध्ये एखादं जड काम करा, होस्टवर आरएसएस चढेल, काम संपल्यावर थोड्या वेळात तो उतरायला हवा. पूर्ण नाही उतरणार, कारण कॅशमधली पानं रिकामी धरली जात नाहीत. तपासणीपुरतं गेस्टमध्ये एकदा सिंक मारून ड्रॉप कॅशेस (कॅश रिकामा करायला लावणारी फाइल) मध्ये ३ लिहून बघा, आरएसएस धाडकन खाली येताना दिसेल. पण हे क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) टाकून दर तासाला करू नका. मी असे सर्व्हर बघितले आहेत, कॅश गेला की सगळं परत डिस्कवरून वाचावं लागतं आणि लोक म्हणतात सर्व्हर स्लो झाला.

फुकट काही नसतं, परत दिलेली पानं पुन्हा मागताना थोडा वेळ जातो. मेमरी सारखी घेणारं-सोडणारं जड डेटाबेसचं मशीन असेल तर आधी चाचणी घ्या. आमच्या फाइल, हजेरी, वेबसाइट असल्या मशीनना काही जाणवलं नाही, आणि होस्टवरचा वापर आठवडाभरात ६१ वरून ३८-४० जीबीवर स्थिरावला. रॅमची ऑर्डर रद्द केली.

७. प्रॉक्समॉक्सवाल्यांसाठी

व्हीएमच्या हार्डवेअरमध्ये मेमरी उघडा, अॅडव्हान्स्ड टिक करा, बलूनिंग डिव्हाइसची टिक तशीच राहू द्या. मेमरी आणि मिनिमम मेमरी दोन्हीत एकच आकडा ठेवला तर व्हीएमची मेमरी कमी-जास्त होत नाही पण आकडे येत राहतात. नवीन माणसानं असंच ठेवावं. मिनिमम कमी ठेवलं तर होस्टचा वापर ८० टक्क्यांच्या वर गेला की प्रॉक्समॉक्स स्वतःहून फुगे फुगवायला लागतो, आणि ते समजून-उमजून करायचं काम आहे.

विंडोज गेस्ट कायम ९५-१०० टक्के लाल दिसतो ही तक्रार सगळ्यांची असते. तिथे पायरी तीनमधली बलून सर्व्हिस बघा. गेस्टकडून काहीच आलं नाही की प्रॉक्समॉक्स होस्टच्या नजरेतला आकडा दाखवतो. फ्रीबीएसडीवर चालणारे पीएफसेन्स, ओपीएनसेन्स असले फायरवॉल तर आतले तपशील कळवतच नाहीत, तिथे ड्रायव्हर शोधत बसू नका, फायरवॉलच्या स्वतःच्या डॅशबोर्डवर बघा.

हायपर-व्हीवर (मायक्रोसॉफ्टची व्हीएम चालवायची सोय) असाल तर हाच प्रकार डायनॅमिक मेमरी नावानं येतो, गेट-व्हीएममध्ये मेमरी असाइन्ड आणि मेमरी डिमांड असे दोन वेगळे आकडे दिसतात, गेस्टची गरज डिमांडमध्ये. व्हीएमवेअरमध्ये कन्झ्यूम्ड हा होस्टच्या बाजूचा आणि अॅक्टिव्ह हा नुकताच हात लागलेल्या पानांचा अंदाज. तिथे माझा हात तेवढा बसलेला नाही म्हणून जास्त लिहीत नाही.

८. जिथे आकडा येतो पण फसवतो

ग्राफिक्स किंवा नेटवर्क कार्ड पासथ्रू केलेलं (कार्ड थेट देऊन टाकलेलं) व्हीएम: त्याची सगळी मेमरी सुरुवातीलाच होस्टवर खिळली जाते. आरएसएस पहिल्या मिनिटापासून पूर्ण, आणि कोणतंही रिपोर्टिंग लावलं तरी एक एमबी परत मिळणार नाही. गेस्टच्या आतले आकडे मात्र येतात. अशा मशीनची मेमरी होस्टच्या हिशोबातून सरळ वजा धरा.

ह्यूजपेजेस (नेहमीपेक्षा मोठी, होस्टवर वेगळी राखून ठेवलेली पानं): उलटा प्रकार. आरएसएस खूप कमी दिसतो, कारण ही (ह्यूजटीएलबीची) पानं आरएसएसमध्ये मोजलीच जात नाहीत. व्हीएम हलकं नाही, तुमचा आकडा अर्धवट आहे.

होस्टचा स्वॅप: आरएसएस अचानक उतरला म्हणून खूश होऊ नका, आधी क्यूएमू प्रोसेसच्या स्टेटस फाइलमध्ये व्हीएमस्वॅप बघा. होस्टनं व्हीएमचीच पानं डिस्कवर ढकललेली असू शकतात, आणि गेस्टला हे कळत नाही, तो बिचारा नुसता हळू चालतो.

केएसएम ही होस्टच्या कर्नलची सोय चालू असेल तर सारखी पानं व्हीएममध्ये वाटून घेतलेली असतात आणि आरएसएसमध्ये ती प्रत्येकाकडे वेगळी मोजली जातात, त्यामुळे सगळ्यांची बेरीज खऱ्यापेक्षा जास्त येते.

फुगा फुगलेला विंडोज: टास्क मॅनेजरमध्ये मेमरी भरलेली दिसते पण प्रोसेसच्या यादीत कोणीच तेवढी खाताना दिसत नाही. लोक अँटिव्हायरस चालवतात, विंडोज परत टाकतात. आधी होस्टवर अॅक्चुअल बघा, तो दिलेल्या मेमरीपेक्षा कमी असेल तर फुगा आहे.

आणि हे आकडे गेस्टनं सांगितलेले आहेत हे विसरू नका. मशीन तुमच्या ताब्यातलं नसेल, भाड्यानं दुसऱ्याला दिलेलं असेल, तर गेस्ट काहीही सांगू शकतो. बिल किंवा मर्यादा ठरवायला हे आकडे वापरू नका.

९. रोजच्या नजरेखाली ठेवा

सगळ्या व्हीएमचं एकदम बघायला:

विर्श डॉमस्टॅट्स --बलून

यात प्रत्येक व्हीएमचे बलून डॉट करंट, बलून डॉट अव्हेलेबल, बलून डॉट यूजेबल, बलून डॉट आरएसएस असे रकाने येतात, स्क्रिप्टला वाचायला सोपे. मी पाच मिनिटांनी चालणारी छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली आहे, ती तीनच गोष्टी बघते. पहिलं, लास्ट अपडेट आत्ताच्या वेळेपेक्षा पीरियडच्या तिप्पट जुनं आहे का, असेल तर "आकडा शिळा" असा मेल, आणि त्या व्हीएमचे बाकीचे आकडे वापरायचेच नाहीत. दुसरं, यूजेबल हा अव्हेलेबलच्या १० टक्क्यांच्या खाली सलग तीन वेळा गेला का. एका वेळेवर मेल पाठवू नका, नाहीतर दर बॅकअपला मेल येतील आणि चार दिवसांनी ते कोणी उघडणार नाही. तिसरं, सगळ्यांच्या आरएसएसची बेरीज होस्टच्या रॅमच्या ८५ टक्क्यांवर गेली का.

काही मशीनवर, विशेषतः जुने ड्रायव्हर असतील तर, यूजेबल येतच नाही. तिथे स्क्रिप्ट शून्य समजून ओरडते. रकाना नसेल तर अनयूज्ड आणि डिस्क कॅशेस मिळून अंदाज घ्या, किंवा त्या गेस्टमध्ये नोड एक्सपोर्टरसारखं (मशीनचे आकडे बाहेर देणारा प्रोग्राम) काही बसवून आतूनच आकडा घ्या.

विंडोजचे मोठे अपडेट आणि लिनक्सचा नवीन कर्नल झाल्यावर लास्ट अपडेट हलतंय ना एवढं एकदा हातानं बघा. आमच्याकडे हजेरीच्या मशीनवर विंडोज अपडेटनंतर बलून सर्व्हिस बंद पडली होती, स्क्रिप्टनं "आकडा शिळा" म्हणून मेल टाकला, सर्व्हिस चालू केली, दोन मिनिटांचं काम. अकाउंटवाल्या ताईंना कळलंसुद्धा नाही.